गॅलरीतलं ऑर्किड आणि नाशिकची हवा

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडला फेब्रुवारी २०२५ मध्ये फुलं आली. ही त्याची आमच्याकडची पहिली फुलं. ऑगस्ट २०२३ मध्ये झाड घरी आलं तेव्हाही ते फुललेलंच होतं, पण ती फुलं हरितगृहातल्या माणसांच्या मेहनतीची होती. मधला सगळा काळ हे झाड जगेल का, आणि जगलं तरी परत फुलेल का, याच काळजीत गेला. त्या काळात आपल्या हवेचा विचार करून लिहिलेलं मराठीत फारसं काही हाती लागलं नाही. जे मिळायचं ते एक तर थंड देशांतलं, नाही तर मुंबई-कोकणातलं. नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि बोचरी थंडी दोन्हींत बसत नाही. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे, खर्चासकट.

झाड गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून घेतलं, ६५० रुपयांना. पांढऱ्या पाकळ्या, मध्यभागी जांभळी छटा. नर्सरीतले दादा म्हणाले, "आठवड्यातून एकदा पाणी घाला ताई, बाकी काही लागत नाही." सप्टेंबर संपेपर्यंत फुलं टिकली, मग एकेक गळाली. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि पानं मऊ पडायला लागली. खालच्या पानावर उभ्या सुरकुत्या दिसल्या. अशी पानं पाहिली की कुणालाही वाटतं, पाणी कमी पडलं. पण सुरकुत्या दोन उलट कारणांनी पडतात. पाणी मिळालं नाही म्हणून, किंवा मुळं कुजल्यामुळे पाणी वर चढत नाही म्हणून. यातलं कारण कोणतं, ते मुळं बघितल्याशिवाय कळत नाही. आधी मुळं बघा, मग पाण्याचं ठरवा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि झाड कुंडीतून काढलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ब्लेड, स्पिरिट, हातमोजे यांची सवय होती. तरी हात थोडा थरथरला. कुंडीच्या कडेची मुळं चांगली होती. जाड, रुपेरी, आणि पाण्याचा थेंब पडताच डोळ्यांदेखत पोपटी होणारी. ऑर्किडच्या मुळाला बाहेरून एक जाड, सच्छिद्र आवरण असतं. ते टीपकागदाप्रमाणे पाणी ओढून घेतं आणि मग हवेत सुकतं. ही झाडं मुळात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, त्यामुळे त्यांची मुळं भिजणं आणि सुकणं या दोन्हींसाठी घडलेली आहेत. सतत ओलं राहणं त्यांना सोसत नाही.

आणि नेमकं तेच चाललं होतं. कुंडीतले वरचे झाडाच्या सालीचे तुकडे बाजूला केल्यावर आत मुठीएवढा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गोळा निघाला, तोही एका छोट्या प्लास्टिकच्या जाळीत घट्ट कोंबलेला. रोप लहान असताना बसवलेली ती जाळी तशीच राहिलेली. हरितगृहातल्या मोजून दिलेल्या पाण्यात आणि लांबच्या प्रवासात हा मॉस उपयोगी पडतो, म्हणून तो घालतात. घरी मात्र वरची साल कोरडी दिसते आणि आतला गोळा पंधरा दिवस ओला राहतो. आतली मुळं काळी-तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की आवरण सटकन निघून यायचं आणि हातात फक्त दोरा राहायचा. जे मूळ दाबल्यावर टणक लागेल ते ठेवायचं, जे पोकळ लागेल ते कापायचं. दर कापाआधी ब्लेड स्पिरिटच्या दिव्यावर तापवून घेतलं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पानाच्या किंवा देठाच्या कापाला ती ठीक आहे, पण चांगल्या मुळांवर पडली तर ती मुळं सुकवते, म्हणून मी मुळांना लावली नाही. शेवटी चार चांगली मुळं उरली. एवढ्यावर झाड तरेल असं मला वाटत नव्हतं.

ऑर्किडसाठी बाजूलाही भोकं असलेली मातीची कुंडी हवी. जुन्या नाशकात कुंभारवाड्यात विचारलं तर मावशींनी हातातली पणती खाली ठेवत सांगितलं, "दिवाळी होऊ द्या. भोकं ओल्या मातीतच पाडावी लागतात, भाजल्यावर पाडली की मडकं तडकतं." त्यामुळे तोवर झाड स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिक जाळीत ठेवलं. नोव्हेंबरअखेर कुंड्या मिळाल्या, ८० रुपयांना एक. एकच करून देता येणार नाही म्हणाल्या, म्हणून सहा घेतल्या.

कुंडीत माती अजिबात घालायची नाही. मी तीन गोष्टी घेतल्या. पाइनच्या सालीचे तुकडे ऑनलाइन मागवले, किलोला २५० रुपये. लाकडी कोळसा इस्त्रीवाल्या दादांनी त्यांच्याकडच्या पोत्यातून ४० रुपयांना दिला. दगडी कोळसा किंवा शेगडीसाठी दाबून केलेल्या विटा चालत नाहीत. तिसरी गोष्ट नारळाच्या सोडणाचे तुकडे. यात क्षार फार असतात, ते बादलीत भिजवून पाणी बदलत राहावं लागतं. पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर ३५० रुपयांना घेतला होता. बादलीतल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याएवढा उतरेपर्यंत धुतलं. नवी साल पाणी धरत नाही, तीही रात्रभर भिजवून ठेवावी. त्या मीटरने मग घरातलं सगळंच पाणी मोजलं. आमच्या नळाला येणारं महापालिकेचं पाणी दीडशे पीपीएमच्या आत, सोसायटीच्या बोअरचं सातशेच्या वर, पावसाचं वीसच्या खाली. बोअरचं पाणी आणि आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी ऑर्किडला घालू नका. पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं करपतात.

हिवाळ्यात झाडाने काहीच केलं नाही. मी रोज बघायचे आणि काही बदललेलं नसायचं. थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. फॅलेनॉप्सिसला तेरा-चौदा अंशांखालची थंडी बाधते. रात्री घरात आणि सकाळी गॅलरीत, अशी ने-आण सुरू होती. पाणी आठ-दहा दिवसांनी, सकाळी, आणि तेही नळाचं गार नाही, खोलीत ठेवलेलं. जानेवारीअखेर मधून एक हिरवं टोक दिसलं. नवीन मूळ होतं. ते दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

एव्हाना मला आणखी झाडं हवी झाली होती, आणि त्यासाठी गॅलरीला शेडनेट लागणार होती. आमची गॅलरी पूर्वेची, उन्हाळ्यात अकरापर्यंत कडक ऊन. सोसायटीत बाहेरून दिसणारं काहीही लावायला कमिटीची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये अर्ज दिला. त्या महिन्याची बैठक कोरम नसल्याने झाली नाही. फेब्रुवारीत अर्ज वाचला गेला आणि "नेट कुठे, कशी लावणार याचा फोटो जोडा" म्हणून परत आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना काळजी होती की पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडेल. त्यांची काळजी रास्त होती. त्यांच्याकडे जाऊन प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवीन, पाणी बाथरूममध्येच घालीन, असं सांगितलं. तसं हमीपत्र साध्या कागदावर लिहून जोडलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र मिळालं: नेट ग्रिलच्या आतून, भिंतीला छिद्र न पाडता, फक्त केबल टायने, इमारतीच्या दर्शनी रंगाला विसंगत न दिसणारी. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी अर्जातच लांबी-रुंदी, रंग, बांधायची पद्धत आणि पाण्याचा निचरा लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. आमचा अर्ज मधे एकदा सापडत नव्हता, तेव्हा ती पोच कामी आली. ५० टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) नेट आणि टाय मिळून ७०० रुपयांच्या आसपास गेले.

त्याच फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगच्या एका रोपवाटिकेतून पार्सल मागवलं. डेंड्रोबियम जातीची दोन ऑर्किडं आणि एक ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसाचं लहान रोप, म्हणजे आपली सीतेची वेणी. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवर मे-जूनमध्ये हिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबतात. आसाममध्ये हे राज्यपुष्प आहे. झाडावरून ओरबाडून आणलेली रोपं कुणी विकत असेल तर घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं आणि त्यात अन्नसाठाच नसतो. रानात ते रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते आणि फुलापर्यंत पोचायला वर्षं जातात. एक झाड काढून नेलं तर त्याची जागा भरत नाही. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर हे बी रुजवून दाखवलं. पुढे १९६० मध्ये जॉर्जेस मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपं करण्याची वाट दाखवली. माझं ६५० रुपयांचं झाड माझ्यापर्यंत येऊ शकलं ते यामुळेच. म्हणून रानातली जात मागवताना मी बिलावर "रोपवाटिकेत वाढवलेले" असं लिहून मागते.

ब्लू वँडा या निळ्या फुलांच्या ऑर्किडची, म्हणजे वँडा सेरुलियाची, जाहिरात एका विक्रेत्याने पाठवली होती, तीही स्वस्तात. ही जात, लाल वँडा आणि लेडीज स्लिपर ऑर्किड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या लागवडीला आणि विक्रीला परवाना लागतो. परवाना क्रमांक विचारला तर उत्तर आलं नाही. मी तो विषय तिथेच सोडला.

पार्सलचे नियम असे होते: पैसे आधी, आणि नुकसानीची तक्रार चोवीस तासांत, तीही खोकं उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ जोडून. पत्त्याचं लेबल दिसतंय इथपासून प्रत्येक रोपाची मुळं दिसेपर्यंत एकच चित्रण हवं. खोकं नाशिकला पोचूनही कुरिअरच्या गोदामात अडकलं. ट्रॅकिंगवर "डिलिव्हरीसाठी निघाले" हेच दोन-तीन दिवस दिसत होतं. फोन केला की उद्या. शेवटी ओळखपत्र घेऊन गोदामातच जाऊन उभी राहिले आणि खोकं आणलं. एका डेंड्रोबियमची पानं पिवळी पडली होती. व्हिडिओ पाठवल्यावर रोपवाटिकेने पुढच्या खेपेत बदली रोप दिलं, पाठवणीचा खर्च मात्र माझा. तेव्हापासून सोमवारीच पाठवायला सांगते, म्हणजे रविवार मधे येत नाही. पत्ता घरचा न देता कामाच्या ठिकाणचा देते. आणि एप्रिल-मे महिन्यांत काहीही मागवत नाही.

खताचा प्रश्न निफाडच्या काकांमुळे सुटला. हे माझे चुलत सासरे, त्यांची द्राक्षबाग आहे. घरी आले तेव्हा कुंडी उचलून भोकांतून आत डोकावले आणि म्हणाले, "बाई, पाणी कमी अन् वारा जास्त, एवढं सांभाळ. द्राक्षाच्या मुळीचंही तेच हाय." ऑर्किडचं खत म्हणून छोट्या बाटल्या महाग विकतात. नाशिकमध्ये त्याची गरजच नाही, कारण द्राक्षामुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात. १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) किलोची पिशवी १८० रुपयांना आणली, ती अजून संपलेली नाही. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढायची, म्हणजे क्षार साचत नाहीत. कॅल्शियम नायट्रेटही देते, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एका पाण्यात कालवली की कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका खाली बसतो, हे काकांनी आधीच बजावलं होतं. मात्रा वाढवायचा मोह होतो, तो टाळावा. या झाडांची वाढच संथ असते.

मग उन्हाळा. २०२४ चा एप्रिल मी विसरणार नाही. तापमापक आणि आर्द्रतामापक एकत्र असलेलं यंत्र ३०० रुपयांना घेतलं होतं. दुपारी दोनला त्यात ४० अंश आणि आर्द्रता १६ टक्के दिसायची. पावसाळी जंगलातली ही झाडं, त्यांना निदान पन्नास टक्के हवी. पानांवर पाणी फवारत राहण्याचा दुपारी फारसा उपयोग नव्हता. थेंब मिनिटांत उडायचे, आणि फॅलेनॉप्सिस तर आपली पर्णरंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतं. मी तीन गोष्टी केल्या. सकाळी साडेसहाला कुंड्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायच्या, नंतर पूर्ण निथळू द्यायच्या. सगळी झाडं एका कोपऱ्यात दाटीने ठेवून त्यांच्या मागे ओलं गोणपाट टांगायचं. आणि फॅलेनॉप्सिस दुपारी हॉलमध्ये, कूलरपासून दूर, तिरकं. कूलरची ओल त्याला मिळाली पाहिजे, झोत नाही. हॉलमध्ये आर्द्रता पंचेचाळीसपर्यंत चढायची. सासूबाई दुपारी घरी असायच्या. गोणपाट वाळलं की त्या ते परत भिजवायच्या, मी कधी आठवणही करून दिली नाही. त्यांच्याशिवाय तो उन्हाळा निभावला नसता. ज्यांच्या घरी दिवसभर कुणी नसतं त्यांनी लाकडावर बांधलेली किंवा उघड्या मुळांची वँडा नाशिकमध्ये घेऊ नये. तिला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं.

उजेड पुरतो की नाही हे पानं सांगतात. गडद हिरवी पानं दिसायला छान, पण ती उजेड कमी पडल्याची खूण आहे. फिकट पोपटी असावीत. लालसर झाक आली की ऊन जास्त होतंय. डेंड्रोबियम नेटखाली पुढे आणि फॅलेनॉप्सिस मागे, ही मांडणी आमच्या गॅलरीला मानवली.

जूनमध्ये पाऊस आला आणि मला वाटलं आता सुटलो. पण मुळं सगळ्यात जास्त दगावतात ती पावसाळ्यातच. हवा दमट, ऊन नाही, कुंडी सुकतच नाही. जुलैत तर पंधरा दिवस मी पाणीच घातलं नाही. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध जो शेंडा असतो, त्यात पाणी साचलं की तो कुजतो. या झाडाला दुसरा शेंडा नसतो, त्यामुळे तो गेला की झाड वाचणं कठीण. म्हणून कुंडी थोडी कलती ठेवते, आणि पाणी गेलंच तर कापसाने टिपून घेते. ऑगस्टमध्ये एका पानावर ओलसर, पारदर्शक डाग दिसला. सकाळी नखाएवढा होता, संध्याकाळी दोन बोटं. जवळ गेलं की कुजका वास. जिवाणूंची सड इतक्या वेगाने पसरते. डागापलीकडचं इंचभर चांगलं पानही कापून टाकलं, ब्लेड दिव्यावर धरून. इथे दालचिनी लावली, आणि टेबलफॅन लावून जागा सुकवली. साधी बुरशीनाशकं जिवाणूंवर चालत नाहीत, हे लक्षात असू द्या. काकांनी बागेसाठी केलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, आणून देतो म्हटलं होतं. त्यात तांबं असतं, आणि डेंड्रोबियमला तांब्याची औषधं बाधतात, असं वाचलेलं असल्याने मी नको म्हटलं. द्राक्षाला जे अमृत ते ऑर्किडला चालेलच असं नाही, आणि नाशिकमध्ये बोर्डो घरोघरी सहज मिळतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

कुंड्यांखालच्या ताटल्यांमुळे आणखी एक गोष्ट झाली. महापालिकेचे मलेरिया विभागाचे कर्मचारी डेंग्यूच्या तपासणीला घरोघरी येत होते. त्यांनी पावसाचं पाणी साठवलेला ड्रम आणि प्रत्येक ताटली टॉर्च लावून पाहिली. अळ्या नव्हत्या. ड्रमला कापड घट्ट बांधा आणि ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, असं त्यांनी सांगितलं. मी शनिवार धरला आहे. ओल्या कुंड्यांत बारीक शंखांच्या गोगलगायी यायच्या आणि नव्या मुळांची टोकं खायच्या. रात्री सालीवर काकडीची चकती ठेवली की सकाळी त्या तिच्याखाली गोळा झालेल्या सापडतात.

सप्टेंबरमध्ये एका डेंड्रोबियमला जांभळी फुलं आली. आनंद झालाच, पण डोळे फॅलेनॉप्सिसकडे होते. आणि इथे नाशिकची हवा आपल्या बाजूने असते. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटायला तीन-चार आठवडे गारवा लागतो, साधारण पंचवीस अंशांच्या खाली. सतत अठ्ठावीसच्या वर राहिलं तर ते नुसती पानं वाढवत बसतं. सतत उष्ण हवेच्या गावी त्यासाठी एसीची खोली शोधावी लागते. आपल्याकडे नोव्हेंबर तो गारवा फुकट देतो. म्हणून दिवाळीनंतर झाड लगेच घरात घेऊ नका. पारा चौदाच्या वर आहे तोवर रात्रीही गॅलरीतच राहू द्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्येही हीच थंडी होती, पण तेव्हा झाडाकडे चार मुळं होती, त्यातून दांडा निघण्याची अपेक्षाच नव्हती. २०२४ मध्ये मात्र कुंडीच्या प्रत्येक भोकातून मूळ बाहेर आलेलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या पानाच्या बेचक्यात काहीतरी फुगलं. मूळ की दांडा? मूळ असेल तर टोक गोल, गुळगुळीत, आणि ते खाली किंवा आडवं जातं. दांड्याचं टोक चपटं, थोडं दुमडलेलं, आणि तो वरच जातो. दहा दिवस मला ठरवता येईना. मग टोकाला ती दुमड दिसली. सासूबाईंना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे फूलच आहे गं."

दांडा निघाल्यापासून फूल उमलेपर्यंत दोन महिने गेले. त्या काळात कुंडी फिरवायची नाही, नाहीतर कळ्यांची तोंडं इकडेतिकडे होतात. फिरली तर कळावं म्हणून कुंडीवर खडूने एक खूण करून ठेवली, ती नेहमी खिडकीकडे. कळ्यांना सगळ्यात मोठा धोका फुलकिड्यांचा. आजूबाजूला कांदा आणि द्राक्ष, त्यामुळे ते इथे असतातच. कृषी केंद्रात निळे चिकट सापळे मिळतात. एक आणून अर्धा कापून टांगला, दोन दिवसांत त्यावर बारीक काळे ठिपके दिसले. कळ्यांवर एकही गेला नाही. जानेवारीच्या थंड रात्रींत झाड घरात यायचं, पण स्वयंपाकघरात नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या पिवळ्या होऊन गळतात, फुलं लवकर मिटतात. केळी, पेरू, चिकू झाडापासून लांब ठेवायचे. एप्रिलमध्ये अक्षय तृतीयेच्या आधी सासूबाईंनी आंब्याची अढी घातली, तीसुद्धा स्वतःहून आतल्या खोलीत. तोवर फुलं टिकून होती.

मेमध्ये शेवटचं फूल गळलं. दांडा वरच्या डोळ्यापाशी कापला तर कधीकधी त्यालाच पुन्हा फुलं येतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाची शक्ती खर्च करायला नको, म्हणून मी तो बुंध्यापासून कापला. सीतेच्या वेणीने आतापर्यंत दोन पानं आणि चांगली जाड मुळं दिली आहेत. तिला फुलायला अजून काही वर्षं लागतील.

डेंड्रोबियमची जुनी, पानं झडलेली कांडी काढून टाकू नका, तिच्यात अन्न साठलेलं असतं. आमच्या तशाच एका कांडीच्या टोकाला एप्रिलमध्ये पिल्लू, म्हणजे छोटं नवं रोप, फुटलं. त्याची मुळं बोटभर होईपर्यंत ते तोडायचं नाही. आता, जून २०२५ मध्ये, ती दोन पेरांएवढी झाली आहेत, जुलैअखेर तोडीन. सेक्रेटरी साहेबांच्या मिसेसनी ते मागून ठेवलं आहे. त्यांची गॅलरी पश्चिमेची आहे, तिथे ५० टक्क्यांची नेट पुरणार नाही, ७५ ची लागेल. माझ्या अर्जाची आणि हमीपत्राची प्रत त्यांना दिली आहे, आणि कुंभारवाड्यातून आणलेल्या सहा कुंड्यांपैकी एक त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे.